रिकामा रस्ता, जुनी सायकल आणि आपले आरोग्य

आजार म्हटला की आपल्याला डॉक्टर, गोळ्या आणि दवाखान्याचा खर्च आठवतो. घरासमोरचा रस्ता आठवत नाही. या अंकात आपण त्या रस्त्याचाच विचार करणार आहोत. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर परिसर डोळ्यांसमोर ठेवून, वाहनांची गर्दी नसलेल्या रस्त्यावर सायकल कोणी चालवावी, कशी चालवावी, कोणी आधी डॉक्टरांना विचारावे, हे क्रमाने पाहू. आपली वस्ती दुसऱ्या तालुक्यात असली तरी गावांची नावे बदलून हाच पाठ वापरता येईल.

हा पाठ कोणासाठी?

दिवसभर ऊसतोड, भांगलण, हमाली किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी व्यायाम कर म्हणणे ही त्याची चेष्टा होईल. त्याला विश्रांती आणि पोटभर सकस अन्न हवे. पण वस्तीतली कामे आता एकसारखी राहिलेली नाहीत. कोणी शिलाई मशीनवर बसते, कोणी रिक्षा किंवा टेम्पो चालवतो, कोणी रात्रपाळीचा वॉचमन आहे, कोणी दुकानात, कोणी कार्यालयात. मुले-मुली स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपुढे आठ-दहा तास बसतात. घरातल्या बहिणी दिवसभर कामात असतात, पण त्यातले बरेचसे काम चार भिंतींच्या आत, बसून किंवा एकाच जागी उभे राहून होते.

आपल्या आजोबांची पिढी सायकलवर कामाला गेली. पुढच्या पिढीने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. त्यात चूक काही नव्हती. सायकल ही गरिबीची खूण मानली जात होती आणि ती खूण पुसावी असे कोणालाही वाटेल. आजही ‘शिकला-सवरलेला मुलगा सायकलवर फिरतो’ असे म्हणताना आवाज खाली येतो. पण शरीराला प्रतिष्ठा कळत नाही, हालचाल कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. एके काळी ‘शेठजींचे आजार’ म्हटले जाणारे हे विकार आता आपल्या गल्लीत आहेत, आणि त्यांची गोळी जन्मभर विकत घ्यावी लागते.

सायकल चालवताना शरीरात काय घडते?

मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू हे शरीरातील मोठे स्नायू. पॅडल मारताना ते सतत काम करतात आणि त्या कामासाठी रक्तातली साखर ओढून घेतात. व्यायाम संपल्यानंतरही साधारण एक-दोन दिवस शरीरातले इन्सुलिन अधिक चांगले काम करते. म्हणून मधुमेह असलेल्याने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. आठवड्यातून एकदा चार तास दमून येण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक उपयोगी आहे.

हृदय आणि फुप्फुसे नियमित कामाला लागली की रक्तदाब थोडा उतरतो, दम टिकतो, झोप सुधारते. शरीराचे वजन सीटवर असल्यामुळे गुडघ्यांवर पळण्याइतका भार येत नाही. एक गोष्ट मात्र सायकलने होत नाही. हाडे बळकट राहण्यासाठी पायांवर वजन पडावे लागते, म्हणून अधूनमधून चालणेही हवे.

प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. शाळकरी मुलांना रोज एक तास हालचाल हवी. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात सुमारे ३० हजार लोकांच्या आरोग्याची अनेक वर्षे नोंद ठेवली गेली आणि निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सायकलने कामाला न जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी अधिक आढळले. मुळात निरोगी माणसेच सायकल जास्त चालवत असतील, ही शंका अशा पाहणीत राहतेच. तरीही धूम्रपान, वजन, इतर व्यायाम यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला, हे लक्षात घ्यावे.

पैशाचाही हिशेब करू. पाच किलोमीटरवर काम असेल तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर होतात. लिटरला पन्नास किलोमीटर चालणारी मोटारसायकल महिन्याच्या पंचवीस दिवसांत पाच लिटर पेट्रोल पिते. पेट्रोल शंभर रुपयांच्या पुढे आहे. महिन्याचे पाचशे रुपये म्हणजे घरातल्या मुलांची कडधान्ये आणि अंडी.

शांत रस्ताच का?

अर्धा तास सायकल चालवायची तर ती हमरस्त्यावर का नको? दोन कारणे आहेत. पहिले उघड आहे, ते अपघाताचे. दुसरे श्वासाचे. सायकल चालवताना आपण बसल्या जागेच्या कितीतरी पट हवा आत घेतो. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या धुरामागे जोरात पॅडल मारणे म्हणजे तो धूर ओढून ओढून फुप्फुसात भरणे. दमेकऱ्याला आणि हृदयविकार असलेल्याला ते बाधते.

तिसरेही एक कारण आहे, विशेषतः नव्याने शिकणाऱ्यांसाठी. मागून हॉर्न वाजत राहिला तर शरीर आखडते, हात थरथरतात, आणि चाळिशीतली बहीण दुसऱ्या दिवशी सायकलला हात लावत नाही. रिकाम्या रस्त्यावर तोल चुकला तरी पाय टेकायला वेळ मिळतो.

वारणानगरचे रस्ते ओळखू या

वारणानगर हे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. कारखाना, दूध संघ, वारणा बझार, शाळा-महाविद्यालये यांमुळे येथे दिवसभर माणसांची आणि वाहनांची ये-जा असते. शेजारचे कोडोली हेही बाजाराचे मोठे गाव. म्हणून या दोन गावांमधला मुख्य रस्ता आपल्या पाठासाठी नाही.

पण थोडे बाजूला वळले की चित्र बदलते. उत्तरेला वारणा नदी आहे. ती कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची सीमा. तिच्या काठचे शिवार सपाट, काळ्या मातीचे, उसाने भरलेले. दक्षिणेला जोतिबा-पन्हाळ्याचा डोंगर आहे. बहिरेवाडी, जाखले, केखले, पोखले अशा गावांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते आणि मधल्या पाणंदी सकाळी बऱ्याच रिकाम्या असतात. नदीकाठ नवशिक्यांसाठी, डोंगराकडचा चढ सराव झालेल्यांसाठी, अशी साधी विभागणी करावी.

आपली वस्ती बहुतेक गावांत कडेला आहे. ती तिथे का आहे, हा इतिहास आपल्याला सांगायला नको. पण त्या कडेवरूनच शिवारात जाणारी पाणंद सुरू होते. मुख्य पेठेत राहणाऱ्याला शांत रस्ता गाठायला गर्दी ओलांडावी लागते. आपल्याला ती दारातून मिळते. ती वापरावी, आणि ती खड्ड्याची, अंधाराची असेल तर दुरुस्त करून मागावी.

शांत रस्ता शोधताना चार गोष्टी तपासाव्यात.

१. वेळ. पहाटे उजाडल्यापासून आठ वाजेपर्यंतचा वेळ उत्तम. शाळा-महाविद्यालयाची आणि पाळी सुटण्याची वेळ टाळावी. अंधारात निघू नये.

२. ऋतू. मार्च ते मे सकाळी लवकर उरकावे आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी. पावसाळ्यात पाणंदी निसरड्या होतात. आपल्या भागाने २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पुलावरून किंवा बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोटाभर असले तरी सायकल घालू नये.

३. वळणे. रस्ता रिकामा म्हणून मोटारसायकलवालेही त्यावर वेगाने येतात. उसाची उभी रानं वळण झाकतात. अशा वळणावर डावी बाजू धरावी, घंटी वाजवावी, गप्पा मारत दोन-तीन जणांनी शेजारी-शेजारी जाऊ नये. कानात इअरफोन नकोत.

४. जनावरे. कुत्रे अंगावर आले तर पळवण्याच्या नादात पडायला होते. खाली उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवावी आणि शांतपणे चालत पुढे जावे. ऊसपट्ट्यात बिबट्या दिसल्याची खबर असेल तर काही दिवस ती पाणंद सोडून द्यावी आणि अंधुक उजेडात मुलांना एकटे पाठवू नये.

गळीत हंगामात विशेष काळजी

साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गळीत हंगाम असतो. या दिवसांत उन्हाळ्यात ओस असणारी पाणंदही ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी भरते. कोणत्या शिवारात तोड चालू आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे. आपल्याच वस्तीतले कोणीतरी त्या तोडीवर असते. तोड पूर्वेला असेल तर आपण पश्चिमेला जावे.

दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर लगेच थांबू शकत नाही आणि त्याच्या चालकाला मागचे दिसत नाही. ट्रॉलीबाहेर आलेले वाढे सायकलस्वाराच्या तोंडावर लागते. वळणावर मागची ट्रॉली आत घुसते. म्हणून ट्रॅक्टर दिसला की रस्त्याच्या कडेला उतरून उभे राहावे आणि दोन्ही ट्रॉल्या गेल्यावरच पुन्हा चढावे. ओलांडून पुढे जाण्याचा प्रयत्न करू नये.

मुलांना एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. चालत्या ट्रॉलीला एका हाताने धरून सायकल ओढत नेणे आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसणे, हे खेळ प्रत्येक गावात चालतात. ऊस एकदम सुटला की मूल मागे फेकले जाते, आणि अडकला की चाकाखाली ओढले जाते. ‘खाऊ नको’ म्हणून मुले ऐकत नाहीत. कांडे घरी आणून द्यावे, आणि का नको ते नीट समजावून सांगावे.

रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली ट्रॉली, मागे दिवा किंवा चकाकणारी पट्टी नसेल, तर जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पाळीवरून रात्री सायकलने परतणाऱ्यांनी पुढे दिवा, मागे लाल दिवा किंवा चकाकणारी पट्टी लावावी आणि फिक्या रंगाचा सदरा घालावा. तोड झाल्यावर पाचट पेटवलेले असेल तर त्या दिवशी त्या बाजूला जाऊच नये.

सायकल नीट करून घ्या

भिंतीला टेकून गंजलेली सायकल टाकून देऊ नका. दुकानात नेऊन चाकांचा आऊट काढावा, ब्रेकचे रबर बदलावे, चेनला तेल द्यावे, टायरमध्ये पुरेशी हवा भरावी. कमी हवेची सायकल जड जाते आणि माणूस समजतो की आपल्यातच ताकद नाही.

सीटची उंची हा सर्वांत दुर्लक्षित भाग. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी. पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना, पंजा पॅडलवर असताना, गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखू लागते, आणि दोष सायकलला दिला जातो. नव्याने शिकणाऱ्याने मात्र पहिले काही दिवस दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली सीट ठेवावी.

साडी, ओढणी, पायजमा चेनमध्ये अडकून माणसे पडतात. चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी, ओढणी कमरेला घट्ट बांधावी. जमले तर डोक्याला हेल्मेट हवे. पायात चप्पल न घालता बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल घालावी.

आठ आठवड्यांचा क्रम

पहिला आणि दुसरा आठवडा: सपाट रस्त्यावर रोज १५ मिनिटे. वेग मोजू नये.

तिसरा आणि चौथा आठवडा: रोज २० ते २५ मिनिटे.

पाचवा आणि सहावा आठवडा: आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. आरामात चालवली तरी सपाटीला सुमारे सहा किलोमीटर होतात.

सातवा आणि आठवा आठवडा: त्यातले दोन दिवस छोट्या चढाच्या रस्त्याला.

श्रम योग्य आहेत की नाहीत ते ओळखायला यंत्र लागत नाही. सायकल चालवताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग कमी करावा. गाणे सहज म्हणता येत असेल तर थोडा वाढवावा.

आपल्या साध्या सायकलला गिअर नसतो. म्हणून चढावर दम लागला की उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा नाही, तोही व्यायामच आहे. खरी काळजी उताराची. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबावेत. फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. घाटातल्या वळणावर खडी पसरलेली असते, तिथे ब्रेक वळण येण्यापूर्वी लावावा.

दोन-तीन महिन्यांचा सराव झाल्यावर एखाद्या सुटीला गटाने लांब जाता येईल. जोतिबा डोंगराच्या पायथ्याशी पोहाळे येथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. तेथील विहार आणि चैत्य आपल्या मुलांनी पाहायलाच हवेत. ते स्वतःच्या पायांच्या बळावर जाऊन पाहिले तर अधिक लक्षात राहतील.

बहिणी आणि मुली

बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. नंतरच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शाळा दूर असलेल्या गावांना त्याचा फायदा अधिक झाला. सायकल मुलीच्या शिक्षणाचे साधन आहे, हे यातून दिसते. तिच्या आरोग्याचेही ती साधन आहे. वयात आली म्हणून तिची सायकल भावाला देऊ नका. मासिक पाळीत तिला बरे वाटत असेल तर सायकल चालवायला काहीही हरकत नाही.

मोठ्या बहिणींनी शिकायचे तर विहारासमोरचे पटांगण पुरेसे आहे. कोणी हसले तर हसू द्यावे. आठ दिवसांत हसणारेच मागे सायकल धरायला येतात.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

हृदयविकार, छातीत दुखणे, थोड्या श्रमाने दम लागणे, गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब, फिट येणे, डोळ्यांनी कमी दिसणे, गरोदरपण, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी विचारावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि साखर तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. ती करूनच सुरुवात करावी. सायकल सुरू केली म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. अचानक घाम, थरथर, डोके हलके होणे अशी लक्षणे दिसली की थांबून तो लगेच खावा. घरी आल्यावर तळपाय बघावेत. मधुमेहात जखम झालेली कळत नाही.

पडल्यावर जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. तिच्यावर माती, चुना, तंबाखू लावू नये. रस्त्यावरच्या जखमेनंतर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागेल का, हे आरोग्य केंद्रात विचारावे. छातीत दाब, डाव्या हाताकडे जाणारी कळ किंवा डोक्याला मार असेल तर वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा.

वस्तीने मिळून काय करावे?

कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा येथे १९७४ पासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी मुख्य रस्ते सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत मोटारींना बंद असतात. शंभराहून अधिक किलोमीटर रस्त्यांवर त्या वेळी फक्त माणसे आणि सायकली असतात. एवढे मोठे शहर हे करते, तर आपल्या वस्तीचा रस्ता रविवारी सकाळी दोन तास मुलांसाठी मोकळा ठेवणे अवघड नाही. दोन्ही टोकांना दोन तरुण उभे राहिले की झाले.

विहार समितीने हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान ठेवावे, न वापरलेल्या दोन सायकली दुरुस्त करून सर्वांसाठी ठेवाव्यात. ग्रामसभेत तीन मागण्या लेखी द्याव्यात. वळणावरची झुडपे तोडणे, वस्तीच्या तोंडाशी गतिरोधक आणि दिवा, आणि ट्रॉल्यांना मागे चकाकणाऱ्या पट्ट्या. मागणीवर जास्तीत जास्त महिलांच्या सह्या असाव्यात.

अभ्यासासाठी

१. वस्तीपासून अर्ध्या तासाचा एक शांत रस्ता कागदावर काढा. त्यावरची धोक्याची वळणे आणि पूल खुणा करून दाखवा.

२. घरात तीस वर्षांवरील किती जणांचा रक्तदाब आणि साखर गेल्या वर्षभरात तपासली गेली? ज्यांची राहिली, त्यांना या आठवड्यात न्या.

३. घरातल्या सायकलची सीट, ब्रेक आणि हवा आजच तपासा.

४. चालत्या ट्रॉलीचा धोका मुलांना समजावून सांगा आणि त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घ्या.